स्वच्छ हवेची बाटली

माझ्या आईवडिलांचं अख्खं आयुष्य खिडकीवरून भांडण्यात गेलं. आईला ती सताड उघडी हवी, बाबांना घट्ट बंद. आई म्हणणार, "घर आहे का डबा?" बाबा म्हणणार, "मला वारं बाधतं." ती उघडायची, ते लावायचे आणि मधल्या वेळात दोघांनी मिळून मला लहानाचं मोठं केलं. मी कुणाच्याच बाजूची नव्हते. माझे अभ्यासाचे कागद उडू नयेत, एवढीच माझी अपेक्षा असायची.

त्यामुळे बाबा पडले तेव्हा कशामुळे पडले असतील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आई स्वयंपाकघरातल्या वरच्या खिडकीची झडप उघडी टाकून बाजारात गेली, म्हणून हे स्टुलावर चढले. झडप लागली, पण उतरताना स्टूल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. आई धावत आली तेव्हा त्यांना स्ट्रेचरवर घालत होते. वेदनेनं चेहरा पिळवटलेला, आणि तशात पहिलं वाक्य काय? "लावली मी ती."

त्यांना नेलं त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. माझ्याकडे हवा तपासायचं एक यंत्र आहे, कुकरएवढं. ते खोलीतली हवा आत ओढतं आणि छोट्या बाटलीतल्या पाण्यासारख्या द्रवातून बुडबुडे काढत सोडतं. हवेत खोकल्या-तापाचे विषाणू असतील तर ते त्या द्रवात अडकतात. मग ती बाटली प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रात तपासायची. विषाणू भरपूर असेल तर पडद्यावरची रेघ लगेच वर चढते, थोडा असेल तर रेंगाळत चढते, आणि नसेल तर आडवी पडून राहते. कामाला घरात फार मान आहे असं नाही. मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की बाबा सांगतात, "हवा भरते." ऐकणाऱ्याला वाटतं, माझं सायकलींचं दुकान आहे.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहायचं होतं. बाबांनी उशीला मिठी मारली. व्यायाम शिकवणारी मुलगी गोड बोलली, मी रागावले, हाडांचे डॉक्टर येऊन समजावून गेले. पालथ्या घड्यावर पाणी. आई शेजारच्या स्टुलावर शांत बसली होती. शेवटी ती म्हणाली, "राहू दे गं, कशाला त्रास देता? त्यांच्याच्यानं नाही व्हायचं. खालच्या मजल्यावरचे भाऊजी याच ऑपरेशननंतर आठवड्यात जिने चढायला लागले, पण त्यांची गोष्ट वेगळी. ते खंबीर माणूस."

"खंबीर?" बाबा उठून बसले. "तो? तो झुरळाला घाबरतो!" आणि हे वाक्य आईला नीट ऐकू जावं म्हणून ते वॉकर धरून उभे राहिले आणि पुढच्या खाटेपर्यंत चालत गेले. व्यायामवाली मुलगी आईकडे बघतच राहिली. तेव्हापासून रोज हेच औषध. आई यायची, काहीतरी लागेलसं बोलायची आणि बाबा तणतणत चालायचे.

आणि मग वॉर्डात खोकला शिरला.

आधी दाराजवळच्या खाटेवरच्या गृहस्थांना ताप आला, मग त्यांच्या शेजारच्याला, मग समोरच्याला. सगळे आजारी त्या एकाच टोकाला. पाहुण्यांचं येण्याजाण्याचं दारही त्याच टोकाला. मग दोन आणि दोन चार करायला कितीसा वेळ लागतो? वॉर्डच्या मुख्य सिस्टरनी त्याच संध्याकाळी दाराला कडी घातली. या सिस्टरना सगळं हॉस्पिटल फौजदारबाई म्हणतं, अर्थात पाठीमागे. इस्त्री कडक, आवाज कडक, चहा त्याहून कडक. त्यांनी पाहुण्यांना सरळ सांगितलं, "सामान बाहेरच्या बाकावर ठेवा आणि घरी जा. आत कुणीही येणार नाही."

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." आणि खिडकी लावून घ्यायला सांगितली. त्यांची खाट दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी होती.

एक दिवस ही ऐट टिकली. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले. मी हॉस्पिटलची म्हणून मला वॉर्डात जाता यायचं, तेव्हा त्यांच्याशी बोलायचे, चिडायचे, खोटंनाटं सांगायचे, पण माझ्या टोमण्यांना आईची धार नाही. फोन लावून दिला तर म्हणाले, "फोनवर कसलं भांडण! समोरचा सरळ फोन ठेवून देतो."

आई रोज ठरलेल्या वेळी यायची, बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसायची आणि मग समोरच्या फूटपाथवर दिव्याच्या खांबाशी उभी राहून त्या खिडकीकडे हात हलवायची. ती तिथे उभी असते हे मी बाबांना सांगितलं, पण पलंगावर पडलेल्या माणसाला खालचा फूटपाथ दिसत नाही, हे तिला सांगितलं नाही. माझ्याबरोबर ती निरोप धाडायची. "त्यांना सांग, दाढी करा. ध्यान दिसत असतील नुसते." मी सांगितलं. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला सांग, मला बघायला येतं कोण?"

हा निरोप मी आईपर्यंत नेला नाही. प्रयोगशाळेत जाऊन नाक शिंकरलं आणि कामाला लागले.

हाडांच्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. "हाड जुळतंय, पण नुसतं हाड जुळून काय उपयोग?" ते म्हणाले. "या वयात पाय फार लवकर विसरतात. हा आठवडा असाच गेला तर ते घरी जातील खरे, पण खाटेवरून खाटेवर." आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईची पाठ अशी की भरलेली बादली उचलवत नाही. मी तशीच फौजदारबाईंकडे गेले.

"माझ्या आईला आत सोडा," मी म्हटलं.

"तुझ्या आईला सोडलं की उद्या सगळ्यांच्या आया दारात उभ्या. कुणाकुणाला नाही म्हणू?"

"पण बंदी घातल्यावरही दोन नवीन पेशंट खोकायला लागले की! मग पाहुण्यांचा काय संबंध?"

"आधीच लागण झाली असेल त्यांना. नाहीतर बाकावर येऊन बसतात ना नातेवाईक, दाराच्या फटीतून येत असेल." मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला काही हौस नाही गं माणसं तोडायची. तुझ्याकडे ते यंत्र आहे ना? त्याला विचार. पाहुण्यांकडून येत नसेल तर मी माझ्या हातानं दार उघडीन. पण येत असेल तर पुन्हा आईचा विषय काढायचा नाही."

मी म्हटलं, ठरलं. रागाच्या भरात मी पटकन म्हणते, ठरलं. जिना उतरताना मग आठवलं, त्या बाकावर सगळ्यात जास्त वेळ बसणारी बाई माझीच आई होती.

दुसऱ्या दिवशी मी बाटल्या भरल्या. एक बाहेरच्या बाकाजवळ, एक दाराजवळच्या आजारी खाटांमध्ये, एक बाबांच्या खिडकीपाशी. आमच्या कामात आणखी एक बाटली भरावी लागते, तिच्यात काहीच सापडू नये अशी. तिला आम्ही स्वच्छ हवेची बाटली म्हणतो. बाकीच्या बाटल्या तिच्याशी ताडून बघायच्या. आता वॉर्डात स्वच्छ हवा कुठली? मी क्षणभरही विचार केला नाही. चहाची खोली! तिथे पेशंट येत नाही, पाहुणा येत नाही. तिथे आपली माणसं असतात.

ही खोली म्हणजे वॉर्डाच्या टोकाला लाकडी आडोसा घालून काढलेला कोपरा. एक टेबल, एक फ्रीज, मास्क अडकवायला खुंट्या, आणि पाच जणांच्या जागेत बसलेली आठ माणसं. मी प्रयोगशाळेची असून चहाला तिथेच जाते, कारण आमच्याकडच्या चहाला चहा म्हणणं हा चहाचा अपमान आहे. वॉर्डात आम्ही सगळे शहाणे. मास्क नाकावर, हात धुतलेले, अंतर राखलेलं. खोलीत शिरलो की मास्क खुंटीला, गुडघ्याला गुडघा, आणि एका पुड्यातली बिस्किटं.

मी यंत्र फ्रीजवर ठेवलं, बटण दाबलं आणि कप घेऊन बसले. प्लास्टरमामा रंगात आले होते. ते वॉर्डातली प्लास्टरं घालतात, मास्क असा घट्ट बांधतात की कानांवर वळ उठतात, आणि चहाला बसले की त्यांना थांबवायला ब्रह्मदेव खाली उतरला पाहिजे. "आमचा एक पेशंट," ते म्हणाले, "हाताला प्लास्टर घालून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, आता डॉक्टरांनी भांडी घासायला मनाई केलीये. बायको म्हणते, तरीच! पाय मुरगळला होता तर प्लास्टर हाताला का, ते आत्ता कळलं!" खोली हसून हसून लोळली. मामा तर स्वतःच्या विनोदावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. फौजदारबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. फ्रीजवर यंत्र बुडबुडे काढत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पडद्यासमोर बसले. बाकाची बाटली: रेघ आडवी, मेल्यासारखी. मी खुर्चीत उडीच मारली. बाबांची खिडकी: आडवी. आजारी खाटा: अगदी उशिरा, कण्हत-कुंथत थोडी वर. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी एक रेघ तरातरा चढून पार वर जाऊन बसली होती. ती होती स्वच्छ हवेची.

मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. बाटल्यांची अदलाबदल केली असणार, दुसरं काय! एवढी वर्षं काम करून नवशिक्यासारखी चूक. असला निकाल घेऊन फौजदारबाईंसमोर गेले असते तर त्यांनी मला यंत्रासकट बाहेर काढलं असतं.

म्हणून पुन्हा सगळं केलं. या वेळी बाटल्यांच्या झाकणांवर भडक रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या. चहाच्या खोलीतली हवा दोनदा घेतली, सकाळी कुणी यायच्या आधी आणि चहापान उरकल्यावर लगेच. सकाळची बाटली निष्पाप निघाली. चहानंतरची पुन्हा तरातरा वर.

मी उठले आणि त्या खोलीत गेले. इतके दिवस त्या खोलीत मी चहा पीत होते, त्या दिवशी पहिल्यांदा खोली बघितली. खिडकी नाहीच. हवा बाहेर फेकणारा एक पंखा भिंतीत वर, पण त्याच्या भोकात घडी घालून चादर कोंबलेली. लाकडी आडोसा छतापर्यंत पोहोचतच नव्हता, वर हातभर मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेच्या पलीकडे, बरोबर खाली, दाराजवळच्या त्याच खाटा. जवळचं दार पाहुण्यांचं, म्हणून आम्ही सगळ्यांनी पाहुण्यांना धरलं. भिंतीची दुसरी बाजू आपली होती, तिच्याकडे कोण बघतो!

"चादर कुणी कोंबली?" चहाला जमलेल्यांना मी विचारलं.

"मी," फौजदारबाई म्हणाल्या. "मानेवर गार झोत यायचा. का?"

मी सांगितलं. एका सिस्टरनं बिस्किट अर्ध्यावर धरून ठेवलं.

"आमच्यात आजारी कोण आहे?" फौजदारबाईंचा आवाज चढला. "ताप आलाय का कुणाला? आम्ही आठ-आठ तास मास्क लावून मरतो, आणि तू म्हणतेस आम्ही पसरवतो?"

"मी काहीच म्हणत नाही, बाटली म्हणतेय!" माझाही आवाज चढला. "आणि पसरवत असू तर मीपण त्यात आहे. मी काय बाहेर उभी राहून चहा पिते? ही हवा सगळ्यात स्वच्छ, असं समजून मीच ती बाटली इथे भरली!"

प्लास्टरमामांनी हळूच कप खाली ठेवला. "माझा घसा जरा खवखवतोय," ते म्हणाले. "चार दिवस झाले. मला वाटलं, प्लास्टरची धूळ."

सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले. मामा आणि दोन सिस्टर त्यात सापडल्या. ताप एकालाही नव्हता. मामांकडून पेशंटला गेलं की पेशंटकडून मामांना, हे माझं यंत्र सांगू शकत नाही. विषाणूंची मैफल कुठे जमते तेवढंच सांगतं. मामांचा चेहरा इतका पडला की मला भडभडून आलं. वॉर्डात विनोदसुद्धा मास्कमधून करणारा माणूस तो. पण घरी जाताना त्यांना राहवलं नाहीच. दारातून म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा पण कसा, खोकणारा!" सगळे हसले, या वेळी लांबून.

फौजदारबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं. मी म्हटलं, "मी चढते, माझ्या घरी स्टुलाचा अनुभव वाईट आहे," पण त्या ऐकतात थोड्याच! वर चढल्या, चादर खेचून काढली, पंखा सुरू केला. धुळीचा लोट त्यांच्या कडक इस्त्रीवर पडला. खाली उतरून पदर झटकावा तशी बाही झटकली आणि म्हणाल्या, "चहा आजपासून गच्चीवर. दोघा-दोघांनी. वॉर्डातल्या सगळ्या खिडक्या उघड्या. आणि तुझ्या आईला फोन कर. खोकला नसेल तर मास्क लावून एकेका पेशंटकडे एकेक माणूस, आजपासून."

शब्दाला जागल्या. दाराची कडी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. आई समोरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली होती.

"या," फौजदारबाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. त्यांच्याजवळची खिडकी उघडी राहिली पाहिजे. ते कितीही ओरडले तरी."

आईनं त्यांचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत तिची बाजू घेणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई त्यांच्याशी बोलली नाही. तरातरा गेली, खिडकी सताड उघडली आणि स्टुलावर बसली. गार हवा आत आली. बाबांनी मान वळवली. मास्कमधून तिचे फक्त डोळे दिसत होते, पण ते डोळे ओळखायला त्यांना अख्खा चेहरा लागत नाही.

"लाव ती," बाबा म्हणाले. आवाज खोल गेला होता.

"नाही लावत. हॉस्पिटलचा नियम आहे."

"सिस्टर!"

"सिस्टरनीच सांगितलंय. विचारा."

बाबा माझ्याकडे वळले. "तू लाव गं."

"मी फक्त हवा भरते," मी म्हटलं.

"सगळे एकाला एक सामील!" ते कोपरावर उठले. मग बसले. पाय खाली सोडले. मी पुढे होणार, तेवढ्यात आईनं माझा हात घट्ट धरला. "राहू दे," ती मोठ्यानं म्हणाली, "तिथवर कसले पोहोचतायत."

बाबांनी वॉकर ओढला. उभे राहिले, डुलले, सावरले. खिडकी खाटेच्या पायथ्यापलीकडे होती, धडधाकट माणसाला चार ढांगा. त्यांना वाटेत दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा गुडघे थरथरत होते आणि माझ्या हातात आईच्या हाताची नखं रुतली होती. मग ते पुन्हा निघाले, आणि त्यांचा हात खिडकीच्या चौकटीला लागला.

तिथे ते धापा टाकत उभे राहिले. खाली बघितलं.

"तो खांब," थोड्या वेळानं म्हणाले. "ही पोरगी म्हणत होती, तू खाली उभी असतेस. त्याच खांबाशी का?"

"रोज," आई म्हणाली. "हात करत होते. तुम्हाला काय त्याचं, तुम्ही ढुंकून बघाल तर शपथ."

वाऱ्यानं त्यांचे न विंचरलेले केस उडत होते. बाबांनी कडीला हात घातला. बराच वेळ त्यांचा हात कडीवर तसाच होता.

"गंजलीये," ते शेवटी म्हणाले. "लागत नाही."

हवा तपासताना मी स्वतः ती खिडकी उघडली होती आणि लावलीही होती. कडी एका बोटानं सरकते. मी खाटेशी ठेवलेल्या माझ्या यंत्राची वायर गुंडाळायला घेतली, आणि वायर आधीच गुंडाळलेली होती.

आई उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कडीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या शर्टाची वर गेलेली कॉलर नीट केली.

"गंजली असेल," ती म्हणाली. "हॉस्पिटल जुनं आहे."